दोन वेढे

मित्रांनो, एके काळी माझ्याकडे बघायचे म्हणजे मान इतकी मागे टाकावी लागे की डोक्यावरची टोपी खाली पडायची. आता मी तुमच्या कमरेपर्यंतही येत नाही. मी एक जुनी टॉवर क्रेन आहे. माझे भाग सुटे करून मला एका आवारात आडवे ठेवले आहे. खांबाचे तुकडे कुंपणाच्या कडेने, लांब हाताचे तुकडे पत्र्याच्या शेडमागे, आणि माझी केबिन कोपऱ्यात तिरकी टेकलेली. केबिनमध्ये एका मांजरीने पिल्ले घातली आहेत. काच फुटलेली असल्यामुळे तिला ये-जा करायला बरे पडते.

तुम्हाला वाटेल, म्हातारी झाली असेल बिचारी. पण तसे नाही. माझ्या लोखंडात अजून बळ आहे, माझ्या दातेरी चाकांचा एक दातही झिजून तुटलेला नाही. मग मी इथे का पडले आहे, ते सांगते. गोष्ट दुःखाची आहे, तिला माझा इलाज नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लोखंडी पट्ट्या एकमेकींना जोडून माझा जाळीदार खांब बनवला, मग लांब हात, मग पाठीमागे तोल सांभाळणारी वजने. पिवळा रंग दिला. तो ओला असतानाच एक माणूस माझ्याभोवती घुटमळू लागला. त्याच्या खिशात कायम एक लांब स्क्रूड्रायव्हर असे. त्याचे टोक तो माझ्या यंत्राच्या पेटीवर टेकवी, मूठ कानाला लावी आणि डॉक्टर छाती तपासतो तसा आतला आवाज ऐके. ज्या कंपनीने मला विकत घेतले, तिने त्याला माझी तब्येत सांभाळायला शिकण्यासाठी कारखान्यात पाठवले होते. तो होता फिटर. साइटवर सगळे त्याला मामा म्हणत. सख्खा भाचा एकही नव्हता, पण मानलेले भाचे पोत्याने.

मामाची एक टोळी होती. सगळे तयार गडी. मला पहिल्यांदा उभी केली तेव्हा कोणी पाना धरायचा, कोणी पिन ठोकायची, कोणी दोर ओढायचा, हे त्यांना एकमेकांना सांगावे लागले नाही. एक जण तर बोल्ट आवळून झाला की त्यावर हातोडी मारून नुसता आवाज ऐके आणि म्हणे, "हा बोलतोय, पण त्याच्या शेजारचा गप्प आहे. आवळा त्याला." मी शेवटच्या भागासह उभी राहिले आणि आजूबाजूची घरे, झाडे, रस्ते सगळे माझ्या पायाशी आले. त्या दिवशी मला थोडा गर्व झाला हे कबूल करते.

पण मित्रांनो, क्रेन एकटी काहीच नसते. माझ्या केबिनमध्ये बसून मला चालवणारे कोणी लागते, खाली माल बांधणारे कोणी लागते, आणि माल जिथे उतरवायचा तिथे उभे राहून खुणा करणारे कोणी लागते. माझ्या नशिबाने मला तिघेही उत्तम मिळाले.

मला चालवायला आली ती एक बाई. आधी ती माल वर नेणारी साधी लिफ्ट चालवायची. खुणा करणारा सिग्नलमन होता तिचा सख्खा धाकटा दीर. त्यानेच तिच्या मागे लागून तिला क्रेनच्या शाळेत घातले. त्या काळी कंपनीने अशी शाळा चालवलेली होती. तिथे एक ऋतूभर शिकून ती माझ्याकडे आली. तो तिला वहिनी म्हणायचा, म्हणून सगळी साइट तिला वहिनी म्हणू लागली. मुकादम वयाने तिच्या बापाएवढा, तोही वहिनीच म्हणे. आणि ती दिराला भावजी म्हणायची, म्हणून तो सगळ्यांचा भावजी झाला.

वहिनी शिडी चढून वर यायची, डबा खिडकीशी ठेवायची, काच पदराने पुसायची आणि मग दोन्ही हात दांड्यांवर ठेवून क्षणभर गप्प बसायची. मग वॉकीटॉकीत भावजीचा आवाज यायचा.

"वहिनी, येऊ द्या खाली... अजून... अजून जरा... अहो, बाळाला पाळण्यात ठेवता तसं अलगद!"

"भावजी, घरी कधी पाळण्याला हात लावलात का? जाऊबाईंना विचारते संध्याकाळी."

"लाइनीवर सगळे ऐकतायत हो!"

"ऐकू दे की. कळू दे."

खाली हसण्याची खसखस पिकायची, आणि सळ्यांची मोळी मात्र खडूने आखलेल्या रेघेवर बरोबर टेकायची.

तिसरा होता माल बांधणारा. त्याचे नाव पडले होते गाठमास्तर. तो एका शब्दाला दुसरा जोडत नसे, पण त्याने बांधलेली वस्तू वर जाताना कधी डुलली नाही. काच असो, सिमेंटची तुळई असो की सळ्यांची मोळी असो, तो आधी तिच्याभोवती एक फेरी मारून तिचा तोल डोळ्यांनी जोखायचा आणि मग पट्टे घालायचा. भावजीही बांधायला त्याच्याचकडून शिकला.

ते माझे सोन्यासारखे दिवस होते. मी पूल बांधला. एक शाळा बांधली, तिच्या गच्चीवरची पाण्याची टाकी मीच ठेवली. एकदा तर फारच मोठे काम केले. आम्ही एक उंच धुराडे बांधत होतो. अचानक वारा सुटला, वरची बांबूंची परांची कोसळली आणि एक सुतार पाय मोडून एका अरुंद कठड्यावर अडकला. शिडी पोहोचेना. गाठमास्तरने माझ्या हुकाला माणसे नेण्याचा पिंजरा जोडला, भावजी त्यात उभा राहिला, आणि वहिनीने वाऱ्याचा झोत जायची वाट बघत बघत तो पिंजरा कठड्याला असा नेऊन लावला की सुताराला नुसते कुशीवर वळून आत यावे लागले. खाली आल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे पाय बरा झाल्यावर तो सुतार बायकोला घेऊन आला आणि माझ्या खांबाला हात जोडून उभा राहिला. वहिनी हसून म्हणाली, "अहो, खांबाला कसला नमस्कार करता? चालवणारी इकडे उभी आहे!"

मग हळूहळू दिवस बदलले. बदलताना काही कळले नाही.

आधी मामाच्या टोळीतला हातोडीवाला गेला. त्याचे गुडघे गेले होते, शिडी चढवेना. त्याच्या जागी कोणी आले नाही. मग पानेवाल्याला परदेशातून बोलावणे आले. मग आणखी एकाने टेम्पो घेतला आणि तो भाजीची वाहतूक करू लागला. त्याला दोष कसा द्यायचा? टेम्पोत बसून तो रोज रात्री घरी तरी जातो. कंपनीच्या क्रेन-शाळेत पोरे येईनाशी झाली. एका वर्षी वर्ग रिकामाच राहिला, आणि पुढच्या वर्षी त्या इमारतीत फरशांचे गोदाम झाले. माझ्या दोन बहिणी दुसऱ्या साइटवर उभ्या होत्या. त्यांना चालवायला माणूस नाही म्हणून त्या नुसत्या वाऱ्याच्या दिशेने तोंड फिरवत राहिल्या.

मामा आता एकटाच या साइटवरून त्या साइटवर पळायचा. एकदा तो माझ्या यंत्राच्या पेटीशी बसून दम खात होता. वहिनीने त्याला पाणी दिले आणि विचारले, "मामा, तुमच्या मुलाला का नाही घेतलंत हाताखाली? तो तर लहानपणी इथेच खेळायचा."

मामा पाणी प्यायला आणि म्हणाला, "त्याला यायचं होतं गं. मीच नको म्हटलं. म्हटलं, माझे हात काळे झाले तेवढे पुरे, तू खुर्चीवर बस. बसलाय आता खुर्चीवर. चांगला आहे." त्याने स्क्रूड्रायव्हर पुसून खिशात ठेवला. मग म्हणाला, "सगळ्यांनी हेच केलं वहिनी. मी एकट्याने केलं असतं तर काही बिघडलं नसतं."

अशा दिवसांत आम्ही एक बाळंतपणाचे हॉस्पिटल बांधायला घेतले. त्या भागात तसे हॉस्पिटल नव्हते, बायकांना फार लांब जावे लागे. त्यामुळे इंजिनिअर साहेबांवर वरून सारखा तगादा असे. साहेब वाईट माणूस नव्हता. तो सकाळी सगळ्यांच्या आधी येई आणि दिवसभर फोनवर माणसे मागत फिरे. "एक तरी फिटर द्या. एक तरी बांधणारा द्या. अहो, शिकलेला द्या, नुसता माणूस नको!" असे मी त्याला कितीदा तरी बोलताना ऐकले.

इमारत अर्ध्यावर आली आणि गाठमास्तरही गेला. परदेशात त्याचा मेव्हणा होता, त्याने बोलावले. जाताना त्याने आपले हातमोजे भावजीला दिले. आता भावजी एकटा उरला. तो खाली माल बांधायचा, मग धावत जिने चढून वर जायचा आणि उतरवून घ्यायचा. तोवर माझ्या हुकाला माल लटकत राहायचा. वहिनी वरून म्हणायची, "भावजी, सावकाश. माल कुठे पळून जात नाही." पण मजले वाढत गेले, तसा त्याचा धावून धावून जीव मेटाकुटीला आला.

तेव्हा साहेबाने लांब्याला खाली उभे केले. लांब्या गवंड्यांना विटा पुरवायचा. उंच, अंगाने मजबूत, दोन मुलींचा बाप, कामाला कधी नाही न म्हणणारा. भावजीने त्याला एका सकाळी पट्टा कसा धरायचा, हुकात कसा अडकवायचा ते दाखवले. फरशीच्या पेट्या आणि सिमेंटची पोती भरलेले लोखंडी पाळणे तो नीट बांधू लागला. सळ्या मात्र भावजी स्वतःच बांधायचा. "त्या मी तुला सुट्टीच्या दिवशी निवांत शिकवतो," तो म्हणाला होता. पण सुट्टीचा दिवस येई आणि साहेबाला आणखी एका साइटवर सिग्नलमन हवा असे. तिथेही भावजीच जाई. दुसरा होताच कोण?

ज्या दिवशी ते घडले, त्या दिवशी वरच्या मजल्याचा स्लॅब भरायचा होता. मिक्सरच्या गाड्या निघाल्या होत्या आणि वरच्या सळ्यांचे जाळे पुरे व्हायला शेवटच्या मोळ्या हव्या होत्या. भावजी वर होता, कारण तिथे सुतारांच्या गर्दीत माल उतरवून घेणे अवघड होते. डबे खाऊन नुकतीच कामाला सुरुवात झाली होती.

साहेबाने वॉकीटॉकीत सांगितले, "वहिनी, सळ्या घ्यायच्यात. लांब्या बांधतोय."

वहिनीने दांड्यांवरचे हात उचलले. "साहेब, सळ्या त्याला शिकवलेल्या नाहीत. भावजींना खाली येऊ द्या."

"तो खाली आला तर वर कोण उभं राहणार? वहिनी, गाड्या दारात उभ्या राहतील. माणूस आणू कुठून मी? तुम्हीच सांगा."

मग भावजीचा आवाज आला. "घ्या वहिनी. मी त्याला इथून सांगतो. लांब्या, दोन पट्टे लाव, दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर. घट्ट ओढ. ओढलास?"

"ओढला," लांब्या म्हणाला.

मित्रांनो, इमारत आता उंच झाली होती आणि लांब्या जिथे बांधत होता ते मागचे आवार केबिनमधून दिसत नव्हते. मोळी कशी बांधली आहे हे वहिनीला दिसण्याची काही सोय नव्हती. तिने शाळेत शिकल्याप्रमाणे मला मोळी आधी वीतभरच उचलायला लावले आणि थांबवले. "लांब्या, मोळी सरळ आहे का बघ. कुठे झुकतेय का?"

"सरळ दिसतेय वहिनी."

त्याने खरेच सांगितले. वीतभर उचलली तेव्हा ती सरळच होती. पण सळ्यांच्या मोळीला पट्ट्याचे दोन वेढे घालायचे असतात आणि मग फास ओढायचा असतो. दोन वेढे असले की पट्टा मोळीला चहूबाजूंनी आवळून धरतो. लांब्याने एकेकच वेढा घातला होता. दोन घालायचे असतात हे भावजीच्या हाताला इतके सवयीचे होते की ते तोंडाने सांगायचे त्याला सुचलेच नाही.

मोळी वर गेली. इमारतीच्या कडेवर आली तेव्हा वारा लागला आणि ती हलकेच फिरली. आता ती वहिनीला दिसली. मोळीचे एक टोक खाली झुकत होते आणि आतल्या सळ्या सुरीसारख्या पुढे सरकत होत्या.

"भावजी, बाजूला व्हा! सगळे बाजूला!"

भावजीने वर पाहिले. त्याला बाजूला होता आले असते. पण त्याच्यापुढे दोन सुतार पाठमोरे बसून खिळे ठोकत होते, आणि हातोड्यांच्या आवाजात त्यांना काही ऐकू आले नव्हते. भावजी त्यांच्या अंगावर धावला आणि दोन्ही हातांनी त्यांना ढकलून दिले. ते दोघे वाचले. सळ्या त्याच्यावर आल्या.

मी यंत्र आहे. मला डोळे मिटून घेता येत नाहीत.

पण एवढ्यावर ते संपले नाही. उरलेल्या सळ्या एका पट्ट्यात अडकून तिरक्या लटकत होत्या, आणि त्यांच्याखाली भावजी पडला होता. लोक त्याच्याकडे धावू लागले. त्या सळ्याही सुटल्या असत्या तर आणखी माणसे गेली असती. वॉकीटॉकीत सगळे एकदम ओरडत होते. ज्या आवाजावर वहिनीचे हात चालत, तो आवाज मात्र त्यात नव्हता.

मामा त्या दिवशी माझ्या खांबाच्या पायथ्याशी ग्रीस भरत होता. तो कसातरी जिने चढून वर पोहोचला. त्याने पडलेला वॉकीटॉकी उचलला. धाप लागल्यामुळे त्याचे शब्द तुटत होते.

"वहिनी. मी मामा. ऐकू येतंय?"

"मामा, भावजी..."

"तिकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ. फक्त माझ्या हाताकडे. आधी हुकातलं उतरव, मग रडू आपण."

त्याने सगळ्यांना मागे सारले आणि हात वर केला. वहिनीने माझा हात डावीकडे फिरवला, इतका सावकाश की लटकलेली सळी हललीसुद्धा नाही. रिकाम्या कोपऱ्यावर आणून तिने ती मोळी खाली टेकवली. अलगद टेकवली. मामाने हूक सोडवला आणि म्हणाला, "झालं, बाई. ये आता खाली."

वहिनीने बटण बंद केले. काम संपल्यावर ती नेहमी काच पुसायची. त्या दिवशीही तिने पदर हातात घेतला, आणि मग तो तोंडात कोंबून ती बसून राहिली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. नंतर ती उठली, शिडीची एकेक पायरी पायाने चाचपत उतरली. त्यानंतर ती माझ्या केबिनमध्ये कधीही आली नाही.

भावजी हॉस्पिटलपर्यंत पोहोचलाच नाही.

काम थांबले. चौकशीला माणसे आली. साहेबाने कोणावरही ढकलले नाही. "माणूस उभा मीच केला होता," असे त्याने सांगितले. लांब्याला कामावर येऊ नको असे म्हटले होते, तरी तो रोज येऊन वाळूच्या ढिगाशेजारी बसायचा आणि संध्याकाळी उठून जायचा. कोणी बोलले तरी तो मान वर करत नसे.

एका सकाळी वहिनी आली आणि तिच्याबरोबर आणखी एक बाई होती. ती भावजीची बायको, वहिनीची धाकटी जाऊ. तिला जागा बघायची होती. दोघी माझ्या खांबाशी येऊन थांबल्या. जावेने वर केबिनकडे पाहिले, मग खाली लोंबणाऱ्या हुकाकडे पाहिले.

"जाऊबाई," ती म्हणाली, "दोर तुमच्या हातात होता."

"हो," वहिनी म्हणाली.

"मला सगळे सांगतात तुमची चूक नव्हती. मलाही कळतं ते. पण मला रोज तेच दिसतं. दोर तुमच्या हातात होता."

"हो," वहिनी पुन्हा म्हणाली.

तेव्हा लांब्या ढिगाजवळून उठून आला. तो त्या दोघींपुढे जमिनीवर बसला. "त्यांना बोलू नका," तो म्हणाला. "मी बांधलं होतं. एकच वेढा घातला. दोन घालायचे असतात हे मला आता कळलं. मामांनी सांगितलं, पण नंतर. मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं, बाई. देवाशपथ सांगतो. मी विचारायलाही हवं होतं. पण काय विचारायचं ते तरी कुठे माहीत होतं?"

जाऊ त्याच्याकडे बघत राहिली. थोड्या वेळाने ती आली तशी निघून गेली, वहिनीच्या दोन पावले पुढे.

हॉस्पिटल तसेच अर्धे राहिले. कंपनीला मला चालवणारे कोणी मिळाले नाही. शेवटी मला उतरवायचे ठरले, तर उतरवणारी टोळीही नव्हती. फार लांबून, निरनिराळ्या गावांतून माणसे गोळा केली. मामा आजारी होता, तरी खुर्ची टाकून खाली बसला आणि कोणती पिन आधी काढायची ते सांगत राहिला. मी इथे येऊन पडले आणि त्यानंतर काही महिन्यांनी मामा गेला. मला तपासून "ही धडधाकट आहे" असे सही करून सांगू शकणारा तो शेवटचा माणूस होता.

या आवारात मला वाटले, आता आपल्याकडे कोणी फिरकणार नाही. पण एक दिवस फाटक वाजले आणि वहिनी आत आली. मागे लांब्या होता. तो यायला तयार नव्हता, हे त्याच्या चालीवरूनच दिसत होते.

"मला हे काम नको वहिनी," तो म्हणाला. "मी परत विटा वाहतो."

"वाहा. पण तू पळालास की तुझ्या जागेवर उद्या कोणाला तरी उभं करतीलच. त्यालाही कोणी सांगितलेलं नसेल." तिने शेडमधून एक जुना पट्टा ओढून काढला आणि गंजक्या सळ्यांच्या ढिगापाशी बसली. "बस. गाठमास्तरांनी भावजींना शिकवताना मी पाहिलंय. मला येतं तेवढं तुला देते."

मग ते येत राहिले. मोळी अडकवायला माझाच हूक होता, गवतात पडलेला. लांब्या वेढे घालायचा, वहिनी उलगडून काढायची, तो पुन्हा घालायचा. एकदा तो अर्ध्यावरच पट्टा टाकून कुंपणाशी जाऊन उभा राहिला. तो परत येईपर्यंत वहिनी सळ्यांपाशी बसून राहिली. पुढे लांब्या दोन-तीन ओळखीच्यांना घेऊन आला. त्यातला एक टिकला, बाकीचे गेले.

आणि एका दुपारी जाऊ आली.

ती फाटकातच उभी राहून बघत होती. वहिनीने तिला पाहिले आणि तिचे हात थांबले. जाऊ आत आली, सळ्यांपाशी गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "मला दाखवा. तो वेढा."

वहिनीने पट्टा तिच्या हातात दिला. जावेने तो मोळीखालून घेतला आणि एकदा वर आणला.

"हा एक," वहिनी म्हणाली.

जावेने पट्टा पुन्हा खालून घेतला, पुन्हा वर आणला, टोक ओवले आणि ओढले. पट्टा मोळीवर घट्ट बसला. तिने सळ्या हलवून पाहिल्या. एकही हलली नाही. ती कितीतरी वेळ त्या पट्ट्याकडे बघत राहिली.

"एवढंच होतं?" तिने विचारले.

वहिनी म्हणाली, "एवढंच होतं गं."

मग ती धाकटी बाई त्या सळ्यांवर डोके टेकवून रडली, आणि वहिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही. जाताना दोघी बरोबर गेल्या. नंतर जाऊ इथे पुन्हा आली नाही, आणि तिने यावे अशी माझी अपेक्षाही नाही.

मित्रांनो, परवा भंगारवाला येऊन माझी मापे घेऊन गेला. मला कापणार आहेत. माझ्या लोखंडाला त्याचे वाईट वाटत नाही, लोखंड वितळून पुन्हा काहीतरी होईल. मामाच्या कानात माझा जो आवाज होता, तो मात्र पुन्हा काहीच होणार नाही. हातोडीवाल्याला बोल्ट बोलताना ऐकू यायचे, ते त्याने कोणाला ऐकवलेच नाही.

म्हणून जाता जाता एवढेच मागते. तुमच्या घराची भिंत ज्याने ओळंब्यात उभी केली, तुमच्या शाळेची वीज ज्याने जोडली, त्याच्याकडे हात काळे असलेला माणूस म्हणून बघू नका. तुमच्यापैकी कोणाला अशी कामे आवडत असतील तर लाजू नका, आणि कोणा मोठ्या माणसाने "खुर्चीवर बस" म्हटले तर त्यांना माझी गोष्ट सांगा. आणि मोठे झाल्यावर कधी तुमच्या हाताखाली माणसे आली, तर त्यांना कामावर उभे करण्याआधी शिकवा. जे तुम्हाला अगदी सोपे वाटते, जे तुमचा हात न सांगता करतो, ते सगळ्यात आधी तोंडाने सांगा.

फाटक वाजते आहे. लांब्या आला वाटते. आज त्याच्याबरोबर शिकायला कोणी नाही, तो एकटाच आहे.